पात्यावरचे पोपडे: सुरीचं कोटिंग झिजलं किंवा सुटलं तर काय करावं

काळं, राखाडी, सोनेरी किंवा रंगीत कोटिंग असलेली सुरी काही काळ वापरली की पात्यावर दोनपैकी एक गोष्ट दिसू लागते. एक तर धारेजवळ आणि टोकाकडे कोटिंग हळूहळू विरळ होतं, खालचं पोलाद चमकू लागतं आणि सगळीकडे बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं. नाहीतर कोटिंगचा तुकडाच सुटतो, त्याची कड उचलली जाते आणि नखाने उचकटलं की आणखी पापुद्रा निघतो. पहिली झीज, दुसरे पोपडे. दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे आणि गल्लत होते ती नेमकी इथेच. नुसतं झिजलेलं, अजून घट्ट बसलेलं कोटिंग लोक तासन्‌तास घासून काढत बसतात. पोपडे धरलेली सुरी मात्र तशीच खाण्याचे पदार्थ चिरायला वापरत राहतात.

म्हणून पॉलिश पेपर हातात घेण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्या: कोटिंग झिजतंय की सुटतंय, ते कशाचं आहे, आणि त्याच्याखाली कुठलं पोलाद आहे. हे कळलं की पुढचं काम सोपं आहे. न कळता सुरुवात केली तर चांगलं पातं खराब होऊ शकतं, आणि काही बाबतीत तब्येतीलाही धोका आहे.

झीज की पोपडे

सुरी कोमट पाण्यात साबणाने स्वच्छ धुवा आणि पूर्ण कोरडी करा. तेलाचा किंवा पाण्याचा अंश राहिला तर पुढच्या चाचण्या फसतात. पातं उजेडासमोर तिरकं धरा. कोटिंग आणि उघडं पोलाद जिथे भेटतात त्या सीमेवरून नख फिरवा, धारेपासून अंतर राखून. नख न अडता सरकलं तर ती झीज आहे. पायरी लागल्यासारखं अडलं तर थर जाड आहे आणि तुकड्यातुकड्याने निघतोय. मग त्या सीमेवर साधी चिकटपट्टी दाबून बसवा आणि पात्याच्या पाठीकडे झटक्यात ओढा. पट्टीला कण चिकटून आले तर कोटिंगची पकड गेलेली आहे. ते आज ना उद्या सगळंच सुटणार.

आणखी एक खूण बघा: कोटिंगखाली बारीक फुगवटे. फुगवटा दिसला की आत गंज पोचलाय असंच धरून चाला. सुटलेल्या कोटिंगच्या कडेतून पाणी आत शिरतं आणि वरून झाकलेलं असल्याने लवकर सुकत नाही. उघड्या पात्यावरचा गंज निदान दिसतो तरी, हा दिसतच नाही. पोपडे धरलेलं कोटिंग मुळीच नसण्यापेक्षा वाईट, असं मी म्हणतो ते यामुळे.

कोटिंग कशाचं आहे

बाजारात नावं पुष्कळ असली तरी घरात हाताळायच्या दृष्टीने चार घराणी पुरतात.

पहिलं घराणं रंगाचं. यात पावडर कोटिंग येतं: इपॉक्सी किंवा तत्सम रेझिनची पूड पात्यावर बसवून साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजतात. थर जाड असतो, ६० ते १०० मायक्रॉनच्या घरात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजूंना केसभर जाडीचं कवच. हाताला खरखरीत लागणारं काळं किंवा हिरवट कोटिंग बहुतेक वेळा हेच. जंगलात, शेतात, बागेत वापरायच्या मोठ्या चाकूंवर ते दिसतं, आणि त्याखाली बहुधा गंजणारं कार्बन पोलाद असतं. सेराकोट याच घराण्यातलं, पण पातळ. रेझिनमध्ये सिरॅमिकचे कण मिसळलेले असतात आणि जाडी २५ मायक्रॉनच्या आसपास राहते.

दुसरं घराणं नॉन-स्टिकचं, म्हणजे स्वयंपाकघरातल्या रंगीबेरंगी सुऱ्या. यांवर पीटीएफई (टेफ्लॉन म्हणून ओळखलं जाणारं प्लास्टिक) असतं, किंवा नुसता भाजलेला रंगीत रेझिन. दोन्ही मऊ, त्यामुळे तारेच्या घासणीला आणि घासण्याच्या भरड पावडरीला टिकत नाहीत.

तिसरं घराणं निर्वात पेटीत चढवलेल्या मुलाम्यांचं. सोनेरी टायटॅनियम नायट्राइड, राखाडी किंवा काळसर टायटॅनियम कार्बोनायट्राइड, आणि हिऱ्यासारख्या कार्बनचं काळं डीएलसी. यांची जाडी जेमतेम १ ते ५ मायक्रॉन, पण कडकपणा पोलादाच्या कितीतरी पुढे. चांगल्या सुरीचं पोलाद व्हिकर्स मापात ७००च्या आसपास असतं, टायटॅनियम नायट्राइड २,०००च्या वर. हे कोटिंग नीट चढवलं असेल तर ते पापुद्र्याने निघत नाही, झिजतं. पापुद्रे निघाले तर चढवतानाच पृष्ठभाग नीट साफ झाला नव्हता किंवा मधला जोडथर बिघडला होता असं समजावं. ती सुरी वॉरंटीत असेल तर हात न लावता परत करा.

चौथ्या घराण्याला कोटिंग म्हणणंही तितकं बरोबर नाही. ब्लॅक ऑक्साइड, ब्लूइंग आणि फॉस्फेट या प्रक्रियांत पोलादाचाच वरचा पदर रसायनाने बदलतात. ब्लॅक ऑक्साइड म्हणजे मॅग्नेटाइट, लोखंडाचंच काळं ऑक्साइड. फॉस्फेटचा पदर राखाडी, मंद आणि सच्छिद्र असतो, तेल धरून ठेवतो. या प्रक्रियेचं पेटंट इंग्लंडमध्ये थॉमस कॉसलेट यांनी १९०६मध्ये घेतलं होतं, आणि पुढे ती बंदुकांच्या आणि लष्करी सामानाच्या कामात सर्वत्र पसरली. हा पदर पोलादातूनच घडलेला असल्याने त्याचे पोपडे निघत नाहीत, तो फक्त पुसट होतो. काळ्या पात्याचे पापुद्रे निघत असतील तर ते ब्लॅक ऑक्साइड नाही एवढं नक्की.

याशिवाय जुन्या किंवा स्वस्त पात्यांवर निकेल-क्रोमचा चकचकीत मुलामा असतो. तो सुटला की त्याच्या कडा पत्र्यासारख्या धारदार होतात आणि बोटात शिरतात. तो उतरवायला तीव्र आम्लं लागतात. घरी करायचं ते काम नव्हे.

ओळख पटवायला दोन साध्या चाचण्या. मुठीजवळच्या, सहसा न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर धरून पुसा. कापसाला रंग आला तर ते साधं पेंट आहे. पृष्ठभाग थोडा मऊ किंवा चिकट झाला तर पावडर कोटिंगची शक्यता जास्त. काहीच झालं नाही तर सेराकोट, पीटीएफई, मुलामा किंवा ऑक्साइड. मग दुसऱ्या जागी व्हिनेगरचा एक थेंब ठेवा. ब्लॅक ऑक्साइड असेल तर थेंबाखालचा काळेपणा थोड्या वेळात फिका पडतो. बाकीच्यांवर काही परिणाम होत नाही.

खालचं पोलाद

तोच व्हिनेगरचा थेंब आता उघड्या पडलेल्या पोलादावर ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुसा. राखाडी डाग पडला तर ते कार्बन पोलाद. डाग पडला नाही तर स्टेनलेस, ज्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि त्याची अदृश्य ऑक्साइडची साय पात्याला गंजापासून सांभाळते. यात एक फसवं पोलाद आहे, डी-२. त्यात क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास असतं, पण कार्बनही दीड टक्का असल्याने पुष्कळसं क्रोमियम कार्बाइडच्या कणांत अडकून पडतं. म्हणून ते सहज डागत नाही, तरी ओल्या म्यानात ठेवलं तर ठिपक्याठिपक्यांनी गंजतं. डी-२च्या चाकूंवर कोटिंग दिसतं ते बरेचदा याच कारणाने.

स्टेनलेस पात्यावरचं कोटिंग मुख्यतः दिसण्यासाठी किंवा चिकटू नये म्हणून असतं, ते गेलं तरी सुरीचं फारसं बिघडत नाही. कार्बन पोलादावर ते रेनकोटाचं काम करत असतं. काढायला हरकत नाही, पण त्यानंतर पातं कोरडं ठेवायची आणि तेल लावायची जबाबदारी तुमची.

कुठल्या सुरीला हात लावू नये

डीएलसी किंवा टायटॅनियमच्या मुलाम्याची सुरी नुसती झिजली असेल तर राहू द्या. ते ओरखडे म्हणजे वापराच्या खुणा, त्यांनी कापण्यात काहीही फरक पडत नाही. कित्येक निर्माते तर पातं दगडगोट्यांबरोबर फिरवून मुद्दाम तसं रूप देतात.

जुनी, विशेषतः लष्करी वापरातली सुरी असेल तर मूळ फॉस्फेट किंवा ब्लूइंग कितीही पुसट झालेलं असो, ते काढू नका. संग्राहकाच्या दृष्टीने मूळ पदर गेला की ऐवजच गेला, आणि तो परत आणता येत नाही. तिथे फक्त तेलात भिजवलेल्या मऊ फडक्याने सुटा गंज पुसायचा.

नॉन-स्टिकची सुरी पोपडे धरत असेल तर ती आजपासून खाण्याच्या पदार्थांसाठी वापरू नका. गिळलं गेलेलं पीटीएफई पचत नाही, जसंच्या तसं बाहेर पडतं, त्यामुळे एखादा कण पोटात गेला असेल तर घाबरून जाऊ नये. पण पापुद्र्यात पीटीएफईबरोबर रंग असतो, चिकटवणारा रेझिन असतो. शिवाय पीटीएफई बनवताना पूर्वी वापरलं जाणारं पीएफओए हे रसायन जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तयार कोटिंगमध्ये त्याचा अंश अत्यल्प असतो हे खरं. तरी ज्याचे कण ताटात पडतात त्याची रचना आपल्याला माहीत नसेल तर ते ताटाबाहेर ठेवणं हाच माझा सल्ला आहे. अशा सुरीचं पातं सहसा पातळ आणि साधं असतं. चार तास घासण्याइतकी तिची योग्यता आहे का, याचा प्रामाणिक विचार करा. खोकी फोडायला, दोर कापायला ती अजून चालेल.

घडीच्या चाकूत आणखी एक अडचण असते. पात्याचा जो भाग खिळ्याभोवती फिरतो आणि ज्या टोकावर कुलूप बसतं, तिथली मापं कोटिंगसकट जुळवलेली असतात. तिथलं जाड कोटिंग काढलं तर पातं डुगडुगतं किंवा कुलूप जास्त आत जातं. बाहेर दिसणारं पातं साफ करा, तो भाग टेप लावून झाका.

हे कधीच करू नका

जाळून काढू नका. गॅसच्या ज्योतीवर, टॉर्चने किंवा भट्टीत कोटिंग जाळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो दोन्ही अंगांनी घातक आहे. लोहारकामात पात्याला पाणी देणं म्हणतात ते काम ठरावीक तापमानावर बेतलेलं असतं. साध्या कार्बन पोलादाच्या पात्याचा कडकपणा २०० अंशांच्या आसपास तापवून ठरवलेला असतो. ज्योतीखाली पातळ धार काही सेकंदांतच ३०० अंशांच्या पुढे जाते, निळी पडते, आणि पात्याचं पाणी उतरतं. मग कितीही धार लावा, ती टिकत नाही. तो बिघाड घरी दुरुस्त होत नाही. दुसरं, पीटीएफई २६० अंशांच्या वर बिघडू लागतं आणि ३५०च्या पुढे विषारी वाफा सोडतं. त्या वाफांनी घरातले पक्षी काही मिनिटांत दगावतात आणि माणसाला ताप-थंडी भरते.

टेबल-ग्राइंडर आणि ड्रिलला लावलेला तारेचा ब्रशही टाळा. ग्राइंडर पातं तापवतो. तारेच्या ब्रशात पात्याची धार अडकली तर सुरी हातातून हिसकली जाते आणि कुठेही फेकली जाऊ शकते.

मिथिलीन क्लोराइड असलेले जुन्या पद्धतीचे पेंट रिमूव्हर बंद खोलीत माणसाचा जीव घेतात, तसे मृत्यू झालेलेही आहेत. डब्यावर हे नाव दिसलं तर तो डबा घरी आणू नका. ब्लीचमध्ये पातं बुडवू नका, स्टेनलेसवरही त्याने खड्डे पडतात. आणि ब्लीच व व्हिनेगर एकत्र आले तर क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून एकानंतर लगेच दुसरं वापरणंही नको.

पोपडे धरलेलं जाड कोटिंग काढणे

हे खरं काम. पावडर कोटिंग, पेंट आणि बऱ्याच अंशी सेराकोटलाही पुढची पद्धत लागू पडते. एक सुट्टीचा दिवस हाताशी ठेवा.

१. मूठ स्क्रूने बसवलेली असेल तर काढा. नसेल तर मुठीला प्लास्टिक गुंडाळून वर टेप लावा. ॲसिटोन आणि रिमूव्हर अनेक प्लास्टिक विरघळवतात. धारेवर जाड कागदाची घडी बसवून तिच्यावरून टेपचे दोन वेढे द्या. हे कंटाळवाणं वाटतं, पण या कामातल्या जखमा जवळजवळ सगळ्या पेपर घासताना हात घसरून होतात.

२. बेंझाइल अल्कोहोलवर आधारित पेंट रिमूव्हर घ्या. त्याचा वेग कमी असतो, पण तो खूपच सुरक्षित आहे. नायट्राइल हातमोजे आणि चष्मा घाला, खिडक्या उघड्या ठेवा, शक्यतो बाहेर बसा. पात्यावर दोन-तीन मिलिमीटरचा जाड लेप द्या आणि वरून प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळा, म्हणजे तो सुकणार नाही. साध्या पेंटला तासभर पुरतो. भाजलेल्या पावडर कोटिंगला रात्रभर ठेवावं लागतं, आणि कधी कधी दुसऱ्यांदा लेप द्यावा लागतो.

३. कोटिंग सुरकुतलं, फुगलं की ते लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, नेहमी पाठीकडून धारेच्या दिशेने किंवा मुठीकडून टोकाकडे, हात धारेसमोर येणार नाही असा. कानस किंवा दुसऱ्या सुरीचं पातं वापरू नका. मी सुरुवातीच्या काळात कानशीच्या कडेने खरवडलं होतं. कोटिंग पाच मिनिटांत निघालं, पण कानशीने पाडलेले खोल चरे घालवायला पुढे सबंध दुपार गेली. निघालेला चिखल वर्तमानपत्रात गोळा करून सुकू द्या आणि कचऱ्यात टाका. मोरीत सोडू नका.

४. साबणाच्या पाण्याने धुवा, पुसा, आणि कोपऱ्यांत राहिलेले अवशेष ॲसिटोनच्या कापसाने काढा. ॲसिटोन जवळ असताना आसपास ज्योत किंवा ठिणगी नको.

आता जे दिसेल त्याने अनेकजण दचकतात. खाली चकाकतं पातं निघेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात कार्बन पोलादाच्या कामाच्या चाकूखाली बहुधा काळपट, खडबडीत, बारीक खाचांचा पृष्ठभाग निघतो. हा गंज नसतो. पात्याला पाणी देताना भट्टीत बसलेली खपली आणि ग्राइंडरच्या खुणा निर्मात्याने तशाच ठेवून वर कोटिंग दिलेलं असतं, कारण झाकलं जाणारच असतं. त्या खपलीखालच्या पातळ पदरातला कार्बनही भट्टीत जळून कमी झालेला असतो, म्हणून तो जरा मऊ असतो. धारेवर त्याचा परिणाम नाही, कारण धार लावताना तो पदर कधीच निघून गेलेला असतो.

इथे थांबायचं की पुढे जायचं हे ठरवा. मला ती काळपट खपली तशीच ठेवलेली आवडते. ती घट्ट बसलेली असते, गंजाला काही प्रमाणात अडवते आणि कामाच्या चाकूला शोभते. फक्त हिरव्या घासणीने सुटे कण काढून तेल लावलं की काम झालं. पण आरशासारखं नाही तरी नीट रेशमी पातं हवं असेल, तर पुढचं घासकाम आहे.

घासकाम

पातं सपाट लाकडी फळीवर आडवं ठेवून मूठ क्लॅम्पने आवळा. धार फळीच्या आतच राहायला हवी, बाहेर लोंबता कामा नये, आणि टोकाखालीही लाकूड हवं, नाहीतर दाबाने टोक वाकतं किंवा मोडतं. वॉटर पेपर बोटाने न दाबता लाकडाच्या किंवा घट्ट रबराच्या छोट्या ठोकळ्याला गुंडाळा. बोटाने घासलं की पृष्ठभागावर लाटा उमटतात आणि पात्याच्या कडांची रेखीव घडण बोथटते.

नेहमी ओलं घासा. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब, किंवा कार्बन पोलाद असेल तर पातळ तेल. कोरडं घासलं तर कोटिंगची आणि पोलादाची धूळ छातीत जाते, म्हणून ओलं असलं तरी मास्क लावा. पीटीएफई घासत असाल तर ते काम संपून हात साबणाने धुतल्याशिवाय सिगारेटला हात लावू नका. हाताला लागलेले कण जळत्या सिगारेटच्या टोकाशी जाऊन वर सांगितलेल्या वाफा थेट फुप्फुसात जातात.

खपली असेल तर १२० नंबरच्या पेपरपासून, नसेल तर २२० पासून सुरुवात करा; नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. मग ३२०, ४००, ६००. स्वयंपाकाच्या सुरीला ६०० भरपूर झाला. खरं कसब हे की प्रत्येक नव्या पेपरला दिशा बदलायची. १२० पात्याच्या लांबीला समांतर घासला असेल तर २२० तिरका, ३२० दुसऱ्या बाजूने तिरका. आधीच्या पेपरचे ओरखडे वेगळ्या दिशेने जात असल्याने उठून दिसतात, आणि ते पूर्ण नाहीसे झाल्याशिवाय पुढच्या पेपरला हात लावायचा नाही. घाई करून पुढे गेलात तर ६००वर पोचल्यावर १२०चे चरे उजेडात लखलखतात आणि परत मागे यावं लागतं. बहुतेक वेळ पहिल्या पेपरवरच जातो, दोन तासही. तसंच असायला हवं.

पेपर बोथट झाला की बदला. बोथट पेपर दाबून घासत राहणं म्हणजे नुसतं तापवणं. शेवटच्या पेपरवर मागेपुढे घासणं बंद करा. मुठीकडून टोकाकडे एकाच दिशेने लांब ओढ, शेवटी पेपर उचला, परत मुठीकडून सुरू. मागेपुढे केलं तर वळणाच्या जागी गळासारखे आकडे उमटतात.

स्टेनलेस पात्यावर साध्या लोखंडी तारेची घासणी किंवा स्टील वूल वापरू नका. मी एकदा शेवटचा हात त्याने फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी पातं तांबड्या ठिपक्यांनी भरलं होतं. पोलाद गंजलं नव्हतं, तारेचे बारीक कण ओरखड्यांत अडकून गंजले होते. सगळं पुन्हा घासावं लागलं.

ऑक्साइड, फॉस्फेट आणि मुलामे

पुसट झालेलं ब्लॅक ऑक्साइड पूर्ण काढायचं असेल तर पातं साध्या, पाच टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये उघड्या भांड्यात बुडवा आणि दर दहा मिनिटांनी बाहेर काढून पुसा. काळा गाळ सुटत जातो. फॉस्फेटला वेळ जास्त लागतो. विसरून झोपू नका, कारण काळेपणा गेल्यावर आम्ल पोलादच खायला लागतं, आणि सगळ्यात आधी धार खातं. झालं की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच पुसा, लगेच तेल लावा. आम्लातून निघालेलं कार्बन पोलाद डोळ्यांदेखत तांबूस होतं.

टायटॅनियम नायट्राइड आणि डीएलसीवर घरातलं कुठलंही रसायन चालत नाही. कारखान्यात ते विशेष द्रावणांनी किंवा प्लाझ्माने काढतात. वॉटर पेपरवरचं सिलिकॉन कार्बाइड त्याच्या जेमतेम तोडीचं असतं, त्यामुळे पेपरच संपत जातो. हिऱ्याच्या बारीक प्लेटने जमतं, पण सपाट नसलेल्या पात्यावर काम डागाळ होतं. माझ्या मते हा खटाटोप करू नये.

काढल्यानंतर

स्टेनलेस पात्याला फारसं काही लागत नाही. स्वच्छ धुऊन कोरडं केलं की हवेत क्रोमियमची साय आपोआप परत धरते.

कार्बन पोलादाला मात्र काहीतरी आधार हवा. सगळ्यात सोपा म्हणजे खाद्य दर्जाचं मिनरल ऑइल, पुसटसं. जवसाचं किंवा स्वयंपाकाचं तेल लावू नका, ते चिकट होत जातं आणि धूळ धरतं. दुसरा मार्ग मुद्दाम पॅटिना, म्हणजे आम्लाने धरणारा राखाडी पदर, चढवण्याचा. पातं साबणाने आणि मग ॲसिटोनने पुसा, बोटं न लावता गरम व्हिनेगरमध्ये किंवा कडक काळ्या कॉफीत बुडवा, मधूनमधून काढून पुसा, राखाडी रंग सारखा आला की सोड्याच्या पाण्याने धुऊन तेल लावा. हा राखाडी पदर तांबड्या गंजाला पूर्ण थांबवत नाही, पण त्याचा वेग चांगलाच कमी करतो, आणि त्याचे पोपडे पडायचा प्रश्नच नाही. मला विचाराल तर काढलेल्या कोटिंगच्या जागी द्यायला याहून चांगलं घरी काही नाही.

बाटलीतलं कोल्ड ब्लू, म्हणजे न तापवता पोलाद काळं-निळं करणारं द्रावण, खाण्याच्या सुरीवर वापरू नका. त्यात सेलेनियमची विषारी संयुगं असतात.

पुन्हा कोटिंगच हवं असेल तर व्यावसायिकाकडून सेराकोट करून घ्या. ते वाळूसारख्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या मार्‍याने पृष्ठभाग खरखरीत करतात आणि कोटिंग १२० अंशांच्या आसपास भाजतात, म्हणून पात्याच्या पाण्याला धोका नसतो. पावडर कोटिंग देणाऱ्याला मात्र आधी भट्टीचं तापमान विचारा. २००च्या वर जाणार असेल तर साध्या कार्बन पोलादाचं पातं त्याच्याकडे देऊ नका. आणि मारा केलेलं पातं उघडं ठेवू नका, खरखरीत पोलाद गुळगुळीतापेक्षा कितीतरी लवकर गंजतं.

कोटिंग ठेवलंत तर

सुटलेल्या भागाची नुसती कड मऊ करायची असेल तर सुटे पापुद्रे पट्टीने काढून ४०० नंबरच्या ओल्या पेपरने सीमेवरची पायरी उतरती करा, म्हणजे तिथे नवा तुकडा उचलला जाणार नाही. हे फक्त खाण्याशी संबंध नसलेल्या चाकूसाठी. उघड्या पोलादावर आणि त्या सीमेवर तेल लावा.

धार लावताना जाड कोटिंग दगडावर घासलं जाऊन दगडाची छिद्रं बुजतात. धारेच्या उताराच्या वर पात्याला मास्किंग टेप लावा आणि दगड मधूनमधून ओला करून दुसऱ्या भरड दगडाने घासा. धारेच्या लगत कोटिंग असल्याने कापताना सुरी अडते असं वाटलं तर ते खरंच असतं. धारेपासून चार-पाच मिलिमीटरची पट्टी तेवढी साफ केली तरी कापण्यात लगेच फरक जाणवतो.

कोटिंग काढलेल्या कार्बन पोलादाच्या पात्याकडे पहिला आठवडा रोज लक्ष द्या, विशेषतः मूठ आणि पातं जुळतात त्या फटीत, जिथे धुतलेलं पाणी थांबतं. तांबडा ठिपका दिसला तर १००० नंबरच्या पेपरच्या तुकड्यावर तेलाचा थेंब टाकून तेवढ्याच जागी हलक्या हाताने घासा, पुसा, पुन्हा तेल लावा. चामड्याच्या म्यानात असं पातं कायमचं ठेवू नका, चामडं ओल धरतं.